बोलणारे थोडे, मानणारे फार
प्रस्तावना

भाषा आणि राष्ट्रीय अस्मिता या विषयावरची पुस्तके बहुधा वेल्स, आयर्लंड किंवा कॅटलोनियापासून सुरू होतात. हे पुस्तक नागपुरातल्या गांधीबागेपासून सुरू होते. यात गावाचा अभिमान अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पण मोठे कारण असे की, भाषा आणि ओळख यांचे जितक्या तऱ्हांचे नाते जगात आढळते, त्यातल्या बऱ्याच तऱ्हा गांधीबागेपासून पायी फिरता येईल एवढ्या परिसरात भेटतात. इथे कोणी रोज बोलायच्या भाषेच्या नावाने राज्य मागत नाही. कोणी घरातून निघून गेलेल्या भाषेच्या नावाने मेळावे भरवतो. आणि एका समाजाचे भवितव्य तर बोलीचेच नाव असलेल्या एका सरकारी नोंदीपाशी येऊन अडले आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला आधी हा परिसर दाखवावा आणि सिद्धान्त मागाहून सांगावा, असे मला वाटते.

गांधीबाग म्हटले की नागपूरकराला घाऊक कापड बाजार आठवतो. गादीवरचा शेठ घरच्यांशी मारवाडीत किंवा गुजरातीत बोलतो, दलालाशी नागपुरी हिंदीत, हमालाशी मराठीत, आणि खेड्यावरून माल भरायला आलेल्या दुकानदाराशी तो सुरुवात करील त्या भाषेत. यातली कोणतीही भाषा बोलताना आपण काही सिद्ध करतो आहोत असे त्याला वाटत नाही. भाषेची ही साधी, कामाची अवस्था अभ्यासकाने आधी डोळे भरून पाहावी. अस्मितेवरच्या लिखाणात तिला जागा मिळत नाही, आणि मग वाचकाचा असा समज होतो की माणसे दिवसभर भाषेच्या अभिमानातच वावरत असतात.

बाजारातून चालत महाल भागात गेले की गोंड राजाचा किल्ला येतो. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये नागपूर वसवले. पुढे चांद सुलतानाने राजधानी इथे आणली आणि शहराला तट घातला. आज आपण गांधीसागर म्हणतो तो जुम्मा तलाव त्याच्या आठवणीशी जोडलेला आहे. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला, वारसाहक्काचा तंटा पेटला, राणीने मदतीला रघुजी भोसल्यांना बोलावले, आणि काही वर्षांत गोंडांची नगरी भोसल्यांची झाली. विदर्भाच्या मातीत मराठी त्याच्या कितीतरी आधीपासून होती, महानुभावांचे रिद्धपूर काही फार दूर नाही. पण नागपूरच्या दरबारात तिचा मान वाढला तो भोसल्यांबरोबर. इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्यप्रांत उभा केला तेव्हा त्यात हिंदी आणि मराठी मुलूख एकत्र बांधला आणि राजधानी नागपुरात ठेवली. गोंडी मुलूखही त्याच प्रांतात होता. पण प्रांताच्या भाषा मोजताना ती मोजण्याची कोणाला गरज वाटली नाही.

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले. असहकाराच्या ठरावामुळे ते गाजले. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यात दुसरी गोष्ट दिसते: काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या इंग्रजांच्या प्रांतांबरहुकूम न ठेवता भाषांप्रमाणे आखायचे ठरवले. मध्यप्रांताचे कागदावर मराठी आणि हिंदी असे दोन भाग झाले. भाषावार प्रांतरचनेची वाट अशी नागपुरातून गेली, आणि ती सर्वांत महाग पडली ती याच शहराला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरचे राजधानीपण गेले. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचवले होते, ते झाले नाही. १९५३ च्या नागपूर करारातले, दरवर्षी काही काळ विधिमंडळ इथे भरवण्याचे आश्वासन तेवढे हाती राहिले.

विदर्भवाद्यांचे म्हणणे नीट ऐकले तर 'एक भाषा, एक राज्य' हे या विषयातले सर्वांत लोकप्रिय समीकरणच डळमळते. लोकनायक बापूजी अणे मराठी, ब्रिजलाल बियाणी मारवाडी घराण्यातले. दोघेही वेगळ्या विदर्भाचे पुरस्कर्ते. अण्यांना मराठीचे प्रेम कमी होते असे कोणी म्हणू धजणार नाही. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून मराठीसाठीच झटतो आहे. तरीही 'भाषा आमची तीच, राज्य मात्र वेगळे हवे' ही मागणी इथे सात दशकांहून अधिक काळ टिकून आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तिकेत हा गुंता सर्वांत स्वच्छ सोडवला. एका राज्यात एकच भाषा असावी हे त्यांना मान्य होते. एका भाषेचे एकच राज्य असावे हे मान्य नव्हते. मराठी मुलखाची त्यांनी मुंबई शहर धरून चार राज्ये सुचवली होती. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ती छोटी पुस्तिका सर्वांत आधी वाचावी, युरोपातले जाडजूड ग्रंथ नंतर. (आणि पुण्यात 'करून राहिलो' म्हटल्यावर हसू ऐकलेल्या वऱ्हाडी-नागपुरी माणसाला भाषा एक असूनही मन वेगळे का राहते, हे समजायला ग्रंथाची गरजही पडत नाही.)

याच मराठी शहरात जानेवारी १९७५ मध्ये पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, त्यावर फारशी खळबळ झाली नाही. मुंबईत हिंदी-मराठीवरून जे वाद पेटतात ते नागपुरात त्या धगीने पेटत नाहीत. काही जण याला नागपूरची भाषिक बेफिकिरी म्हणतात. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. नागपूरच्या मराठी माणसाने आपली ओळख भाषेपेक्षा प्रदेशावर अधिक टांगलेली आहे, एवढेच त्यावरून म्हणता येते.

आता वेल्सकडे वळू, कारण त्याच्याशिवाय पुढचा भाग उलगडणार नाही. १५३६ च्या कायद्याने वेल्श भाषेला कोर्टकचेरीतून हाकलले. पण १५८८ मध्ये विल्यम मॉर्गनने केलेले संपूर्ण बायबल वेल्शमध्ये छापून आले आणि भाषेला प्रार्थनाघरात हक्काची जागा मिळाली. १८४७ च्या सरकारी अहवालाने वेल्श लोकांच्या अज्ञानाचे आणि कथित अनीतीचे खापर त्यांच्या भाषेवर फोडले. निळ्या बांधणीचा तो अहवाल तिथे आजही लोकांच्या जिव्हारी लागलेला आहे. १८९१ मध्ये निम्म्याहून अधिक लोक वेल्श बोलत होते. २०२१ च्या जनगणनेत १७.८ टक्के उरले, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार. मात्र बोलणारे घटत गेले त्याच काळात भाषेचे हक्क वाढत गेले. १९८२ मध्ये वेल्श दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली, १९९३ मध्ये भाषा कायदा झाला, २०११ मध्ये अधिकृत दर्जा आला. हे सारे ज्यांच्या मतांवर आणि करांवर उभे आहे, त्यांतले बहुतेक वेल्श बोलत नाहीत.

या चित्रावरून नवा अभ्यासक चटकन एक चुकीचा धडा घेतो: भाषा बोलली नाही तरी चालते, मानली की पुरे. गांधीबागेतला कोणताही जुना व्यापारी सांगेल की ठाणावरचा शिक्का वेगळा आणि ठाणातले कापड वेगळे. प्रतीक म्हणून भाषा आणि बोलणे म्हणून भाषा यांचेही तसेच आहे. एकाची भरभराट दुसऱ्याची हमी देत नाही. आयर्लंडमध्ये आयरिशला १९३७ च्या राज्यघटनेने पहिल्या राजभाषेचा मान दिला, तरी तिचे रोजचे बोलणे आक्रसतच गेले. वेल्सने जे थोडे सावरले ते मानण्यामुळे नव्हे, मानण्याची किंमत कोणीतरी मोजल्यामुळे. वेल्श लेखक सॉन्डर्स लुईस यांनी १९६२ च्या रेडिओवरील भाषणात नेमके हेच मागितले होते: भाषेवाचून सरकारी कामकाज चालणेच अशक्य करून सोडा. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, अॅबरिस्टविथ गावी पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा सात मुलांवर सुरू झाली होती. आजच्या वेल्श शाळांचा उगम त्या सात मुलांपाशी आहे, एखाद्या झेंड्यापाशी नाही. या पुस्तकाचा कणा हाच आहे. 'किती जण बोलतात' आणि 'किती जण मानतात' या दोन्ही प्रश्नांच्या पुढे जाऊन 'मानण्याचा खर्च कोण, कुठे उचलतो' असे विचारायचे.

हा प्रश्न घेऊन गोंडीकडे या. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते. गोंड जमातीची देशभरची लोकसंख्या मात्र १ कोटी ३० लाखांवर. म्हणजे ढोबळ मानाने चारांत एकाहून कमी. वेल्सच्या प्रमाणाच्या हे आश्चर्यकारक जवळ आहे. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत असलेल्या कोकणी, डोगरी, मणिपुरी आणि बोडो या प्रत्येक भाषेपेक्षा गोंडीचे बोलणारे जास्त आहेत, तरी अनुसूचीतल्या २२ भाषांत तिचे नाव नाही. कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. भाषावार राज्यांच्या रेघा ओढताना गोंडवनाचे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, आंध्र, ओडिशा असे तुकडे झाले, पुढे छत्तीसगड आणि तेलंगणाही त्यांत आले. प्रत्येक राज्यात गोंडी अल्पसंख्य ठरली आणि तिथल्या राजभाषेत मिसळत गेली. कोकणीला गोवा मिळाला. गोंडीच्या वाट्याला राज्य आले नाही, आणि आपल्याकडे राज्य नसलेल्या भाषेला दिल्लीत वकील सापडत नाही.

गोंडीच्या लिखित इतिहासात नागपूरचे नाव पुन्हा पुन्हा येते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ पासून इथे राहिला. आजचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. नागपूरजवळच्या एका परधान पुजाऱ्याच्या तोंडून त्याने गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गोंडी कथागीते उतरवून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून त्याचा मृत्यू झाला; रिचर्ड टेंपलने त्याचे कागद १८६६ मध्ये छापले. नव्या वाचकाला एक विनंती आहे: त्या पानांकडे पाहताना मिशनऱ्याइतकेच त्या परधानाकडेही लक्ष द्या. गोंडांच्या कुळकथा, वंशावळी आणि देवांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या परधानांनी सांभाळली. मोबदला यजमानाच्या घरून यायचा. हा खर्च कोण उचलत होता, हे त्या काळी सगळ्यांना ठाऊक होते. ती व्यवस्था विरत गेली आणि तिची जागा घेणारे दुसरे काही अजून उभे राहिलेले नाही.

विसाव्या शतकात ती जागा काही एकट्या माणसांनी भरायचा प्रयत्न केला. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. आदिलाबादच्या गुंजाला गावात त्याहून जुन्या दुसऱ्या लिपीची हस्तलिखिते सापडली. २०१७ आणि २०१८ मध्ये या दोन्ही लिप्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली. एका भाषेला दोन लिप्या, आणि बहुसंख्य वाचक देवनागरी किंवा तेलुगू वाचणारे! काही विद्वान याला गोंधळ म्हणतात. मी याला चळवळीची अर्धवट राहिलेली बांधणी म्हणेन. संतालीसाठी रघुनाथ मुर्मू यांनी केलेली ओल चिकी लिपी लोकांनी शाळेबाहेर, घरोघरी शिकून रुजवली, आणि मग २००३ च्या घटनादुरुस्तीने संताली अनुसूचीत आली. गोंडीत लिप्या आहेत, त्या शिकवणारे ओटे फार थोडे आहेत.

नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली हे या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत वादग्रस्त नाव. जन्म १९४९ चा, रामटेककडच्या दुलारा गावचा; नोकरी रिझर्व्ह बँकेत; मृत्यू २०१५ मध्ये. गोंडी व्याकरण, शब्दकोश, पारी कुपार लिंगो आणि कोया पुनेम हा गोंडांचा धर्म यांवरचे विवेचन, कचारगडची यात्रा पुन्हा जागवणे, एवढा पसारा त्यांनी बँकेची नोकरी सांभाळून उभा केला. सिंधू लिपी गोंडीच्या आधारे वाचता येते हा त्यांचा दावा भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेला नाही, आणि तो टिकेल असे मलाही वाटत नाही. पण त्या एका दाव्यापायी बाकीचे काम बाजूला सारणारे अभ्यासक मी आळशी समजतो. कंगालींचे बहुतेक लेखन हिंदीत आहे. सुन्हेरसिंह ताराम यांचे 'गोंडवाना दर्शन' मासिकही हिंदीतच निघत असे. उषाकिरण आत्राम यांनी मराठीत कविता लिहिल्या. गोंडी अस्मितेचे हे वाङ्मय शेजारच्या थोरल्या भाषांत का लिहिले गेले? सहा राज्यांतल्या गोंडांना एकत्र बोलावायचे तर गोंडीपेक्षा हिंदी अधिक लांब पोहोचते म्हणून. यात लाजण्यासारखे काही नाही, पण प्रतीक आणि बोलणे यांतले अंतर इतके उघडे दुसरीकडे क्वचितच दिसेल. २०१४ पासून वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडांनी कार्यशाळा भरवून प्रमाण गोंडीचा सुमारे ३,००० शब्दांचा कोश केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो हेच अंतर कमी करण्यासाठी.

आणि मग गडचिरोली जिल्ह्यातले मोहगाव. धानोरा तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. पुढे शिक्षणहक्क कायद्याखालच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहिला. या कायद्याचे कलम १८ सांगते की मान्यतेवाचून शाळा चालवता येणार नाही. त्याच कायद्याचे कलम २९ सांगते की शक्य तोवर मुलाला मातृभाषेतून शिकवावे. शिवाय भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे हे संविधानाच्या अनुच्छेद ३५० क मध्ये १९५६ पासून लिहिलेले आहे. या तिन्हींची गाठ मोहगावच्या एका शाळेत पडली. अॅबरिस्टविथच्या सात मुलांची आठवण मला होते ती इथे. तिथल्या शाळेमागे मध्यमवर्गीय पालक, विद्यापीठ आणि प्रकाशक होते. मोहगावमागे ग्रामसभा आहे. गोंडीचे पुढे काय होणार याचे उत्तर कचारगडच्या यात्रेतल्या गर्दीपेक्षा या शाळेत शोधावे, असे माझे मत आहे.

हलबीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुस्तकात तिच्यावर वेगळा मजकूर आहे. गांधीबाग, इतवारी, गोळीबार चौक या भागात विणकर हलबा कोष्टी समाजाची मोठी वस्ती आहे. हातमाग, मग १८७७ ची एम्प्रेस मिल, मग पॉवरलूम असा त्यांचा प्रवास झाला. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'हलबा, हलबी' अशी नोंद आहे, आणि हलबी हे बस्तरमध्ये लाखो लोक बोलतात त्या बोलीचेही नाव. ग्रिअर्सनने १९०५ मध्ये आपल्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या, मराठीच्या खंडात हलबीची नोंद केली. इतरांनी तिच्यात ओडिया आणि छत्तीसगढीचे मिश्रण पाहिले. नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले की राष्ट्रपतींच्या आदेशातली नोंद जशी आहे तशीच वाचायची, तिच्यात हलबा कोष्टी धरता येणार नाहीत. हजारो कुटुंबांच्या नोकऱ्या आणि शिक्षण या निकालाने ढवळून निघाले. कोणाचा दावा खरा, हे ठरवणे या पुस्तकाचे काम नाही. अभ्यासकाने एवढे लक्षात ठेवावे की इथे ओळख अभिमानातून मागितली जात नाही. ती दाखल्यासाठी, कचेरीच्या खिडकीवर मागितली जाते. युरोपातल्या सिद्धान्तांत ही खिडकी जवळजवळ नसते.

म्हणून जनगणनेचे आकडे हाती घेताना सावध राहा. 'मातृभाषा कोणती' या प्रश्नाला माणूस कधी घरची भाषा सांगतो, कधी आजीची, कधी जातीची, तर कधी प्रगणकाने आधीच लिहून ठेवलेली. आकडा खोटा नसतो. तो बोलण्याचा आहे की मानण्याचा, हे मात्र त्यावर लिहिलेले नसते. त्याच्या जोडीला शाळेचा हजेरीपट, कोर्टातला दुभाषा, दवाखान्यातल्या सूचना, बाजारातले सौदे पाहा. आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना भाषा टिकवल्याबद्दल शाबासकी किंवा सोडल्याबद्दल बोल लावू नका. इंग्रजी शाळेत मुले घालणाऱ्या गोंड आईबापांना दोष देणाऱ्यांत अशा लोकांचीच संख्या मोठी आहे, ज्यांची स्वतःची मुले मराठी शाळेत गेलेली नाहीत.

शेवटी एक व्यावहारिक विनंती. या क्षेत्रात गोंडीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, गोंडी येणारे त्यांत थोडे आहेत, आणि त्याचा परिणाम लिखाणात दिसतो. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, नागपुरात गोंडी बोलणारी कुटुंबे आहेत, कोश छापलेला आहे. पहिला लेख लिहिण्याआधी शिकायला बसा, आणि शिकवणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या.

गांधीबाग, नागपूर